जमुनेच्या रिकाम्या बरण्या

“रिकाम्या?... अगं बाई, रिकाम्या बरण्या?”

एवढेच शब्द सुभद्राबाईंच्या तोंडून निघाले! ओसरीवर अंथरलेल्या सतरंजीवर त्यांनी पिशवी उपडी केली होती, वर्तमानपत्राच्या घड्या एकेक करून सोडवल्या होत्या, आणि आता त्यांच्यापुढे त्या काचेच्या बरण्या रांगेनं उभ्या होत्या... धुतलेल्या, पुसलेल्या, उन्हात लखलखणाऱ्या, आणि आत काही म्हणता काही नाही! लाडू नाही, चटणी नाही, साखरेचा एक दाणासुद्धा नाही!

उद्या घरात डोहाळजेवण. दामिनीचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका सुनेचं. दोनदा त्या पोरीची कूस भरली आणि दोनदा रिती झाली होती. आता कुठे देवानं मान वर करून पाहिलं होतं. विपुल, त्यांचा मुलगा, म्हणाला होता की येणाऱ्या बायांना द्यायला बाजारातून काहीतरी घेऊन टाकू. सुभद्राबाईंनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. “बाजारच्या डब्यात कोणाचा हात असते रे? चार पैशाची वस्तू दे, पण घरची दे!” मग महिनाभर कॉलनीतल्या घराघरातून कॉफीच्या, जॅमच्या, मधाच्या रिकाम्या बाटल्या गोळा झाल्या. दामिनीनं काचेवर रंगानं वेली काढल्या. जुन्या साड्यांचे गोल कापून झाकणांवर टोप्या शिवल्या. निम्म्या बरण्यांत सुभद्राबाईंनी जवसाची चटणी आणि आवळ्याची सुपारी भरली, आणि निम्म्या अकोल्याला पाठवल्या, धाकट्या जावेकडे. जमुनेकडे! तीळ आणि खोबऱ्याचे लाडू वळावे तर जमुनेनंच. तिच्या हातचा लाडू दाबला तर फुटत नाही आणि तोंडात टाकला तर उरत नाही, हे सुभद्राबाई मनातल्या मनात मानत होत्या. तोंडानं मात्र कधी बोलल्या नाहीत. खोटं कशाला बोला, मागल्या दिवाळीत तर त्यांनी साऱ्या भाऊबंदांसमोर जमुनेच्या लोणच्याला खारट म्हटलं होतं, आणि जमुना ताटावरून अर्धपोटी उठली होती.

तेच डोक्यात धरलं काय तिनं? डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी असा सूड?

ह्या घरची रीत त्या दोघी जावांनीच चालवली होती. अमरावतीची बरणी अकोल्याला गेली की भरून जाते आणि भरून येते. काहीच नसलं घरात तर चिमूटभर साखर टाकायची, पण रिकामी बरणी सग्याच्या हातात द्यायची नाही. रिकामी दिली म्हणजे तुमचं आमचं संपलं!

आणि ह्या आणल्या कोणी? अनुपनं! जमुनेच्या मुलानं! तो तान्हा असताना जमुना टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा सुभद्राबाईंनी एका मांडीवर विपुल आणि एका मांडीवर अनुप घेऊन दोघांना अंगावर पाजलं होतं. तोच अनुप आज सकाळी फाटकाबाहेर उभा राहिला, पिशवी आत ठेवली आणि मागे सरकला.

“आत ये नं रे, असा काहून उभा आहे पावण्यावानी? चहा टाकते.”

“नाई मोठ्या आई, जाच लागते.”

“पानी तरी पी!”

“नाई.”

पाणीसुद्धा प्याला नाही. पाया पडला नाही. डोळ्याला डोळा दिला नाही. गाडीला किक मारली आणि गेला!

सुभद्राबाईंनी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर जमुनेनं उचलला.

“जमुने, हे काय करून ठेवलं तू?”

 जमुना खोल विहिरीतून बोलावं तशी बोलली, “बाई, आमी उद्या येत नाई. काई इचारू नका.” आणि फोन बंद!

दामिनी आतून आली. सातव्या महिन्याचं ओझं सावरत ती सासूजवळ बसली. “आई, राहू द्या ना. प्रणालीचे दिवस भरत आलेत. काकू त्याच गडबडीत असतील.”

प्रणाली ही अनुपची बायको. आईवेगळी पोर, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच, अकोल्याला, करायचं ठरलं होतं.

“प्रणालीचे दिवस भरले म्हनून जमुनेचे हात मोडले काय?” सुभद्राबाई कडाडल्या. “तिच्या घरी नातू येऊन राहिला, तिले आता आमची काय गरज! पन मी बी सुभद्रा आहे. ह्या बरण्या तिच्या उंबऱ्यावर आपटल्याबिगर मी पान्याचा घोट घेनार नाई!”

पंजाबराव, त्यांचे यजमान, पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “उद्या घरी कार्यक्रम आहे, अन् आज तुमाले अकोला सुचून राहिलं?”

“तुमी पेपर वाचा!”

आणि खरोखरच त्या निघाल्या. त्याच पिशवीत त्याच बरण्या भरून त्यांनी एस.टी. गाठली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. मांडीवरच्या बरण्या प्रत्येक खड्ड्यात एकमेकींवर आपटून किणकिणत होत्या, आणि प्रत्येक किणकिणीसरशी सुभद्राबाईंच्या मनातला अपमान नव्यानं पेटत होता. ज्या जमुनेला नवी सून म्हणून आली तेव्हा आपण पोळी लाटायला शिकवलं, देवाची भांडी घासायला शिकवलं, कोणाला काय द्यावं आणि काय देऊ नये हे शिकवलं... तिनं हे करावं? एवढा द्वेष तिच्या अंतःकरणात होता आणि आपल्याला इतकी वर्षं कळला नाही?

जठारपेठेतल्या त्या घराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. दारासमोर रांगोळी नव्हती. सुभद्राबाईंना ते दिसलं, पण रागाच्या भरात मनात शिरलं नाही.

“जमुने! बाहेर ये!”

जमुना आली. केस विंचरलेले नाहीत, पदर कसाही खोवलेला, डोळे सुजलेले. मोठ्या जावेला दारात पाहताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती धावत उंबऱ्याशी आली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली... वाट अडवून!

“बाई! तुमी?... तुमी काहून आल्या बाई?”

“काहून आली? इचारते वरून! मले घरात घेत नाई काय आता?”

“आत येऊ नका बाई. तुमच्या पाया पडून सांगतो, घरी जा. उद्या कार्यक्रम आहे तुमच्या घरी. जा नं!”

“कार्यक्रम! तुले आठवते काय कार्यक्रम? शरम नाई वाटली रिकाम्या बरण्या पाठवाले? माह्या सुनेचं पोट तुह्या डोळ्यात खुपून राहिलं काय? तिची कूस रिकामी झाली तवा गळ्यात पडून रडाले आली होतीस, अन् आता भरली तं तुले पाहवलं नाई! खारट लोणच्याचा सूड माह्या नातवावर काढतेस, जमुने?”

 ओठ दातांखाली दाबून जमुना नुसती उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ते मौन सुभद्राबाईंना आणखीनच झोंबलं. त्यांनी पिशवीत हात घातला, हाताला लागली ती बरणी काढली आणि उंबऱ्यावर आपटली!

खळ्ळकन आवाज झाला. काचा ओसरीभर उडाल्या...

“आईले काई बोलू नका, मोठ्या आई.”

आवाज आतून आला होता. क्षीण, कोरडा. भिंतीचा आधार घेत घेत प्रणाली पुढच्या खोलीत येत होती.

“काच आहे, प्रणाली! अनवानी येऊ नको पोरी, काच आहे!” जमुना किंचाळली आणि वळली. तिचे हात चौकटीवरून सुटले, आणि मग सुभद्राबाईंना सगळं दिसलं.

दिसलं... पण कळायला वेळ लागला. प्रणालीच्या अंगावर ढगळ गाऊन होता, डोक्याला फडकं बांधलेलं होतं. छातीवर कपडा आवळून बांधला होता आणि तरीही गाऊन पुढून ओला झाला होता. दुधानं ओला! आणि त्याच्या खाली... त्याच्या खाली पोट नव्हतं. अधिक महिन्यात वाण घेऊन आली होती तेव्हा ज्या पोटावर सुभद्राबाईंनी स्वतः हात ठेवून “लाथा मारते रे बदमाश” म्हटलं होतं, ते पोट कुठेच नव्हतं! आणि घरात तर कुठेही पाळणा नव्हता, बाळाचा आवाज नव्हता, धुरी-शेपांचा वास नव्हता. भिंतीवरच्या देव्हाऱ्याची दारं बंद होती.

“प्रणाली... पोरी...” सुभद्राबाईंची नजर तिच्या पोटावरून हलेना. “तुहं... तुहं बाळ?”

“इचारू नका!” जमुनेनं धावत येऊन त्यांच्या तोंडासमोर हात धरला, पण त्यांना शिवली मात्र नाही. “बाई, काई इचारू नका! तुमी काई पायलं नाई अन् आमी काई सांगतलं नाई. अशाच्या अशा मागे फिरा. तुमीच तं मले शिकवलं होतं बाई, ऐकलं नाई तवरक लागत नाई! अजून तुमी ऐकलं नाई. जा तुमी, सुनेची ओटी भरा, जा!”

विजेचा लोळ अंगावर कोसळावा तशा सुभद्राबाई सुन्न झाल्या!

सुतक!

ज्या घरात मृत्यू झाला त्या घरातून दहा दिवस दाणासुद्धा बाहेर द्यायचा नाही, तिथल्या माणसानं कोणाच्या घरी पाणी प्यायचं नाही, कोणाच्या पाया पडायचं नाही. आणि भाऊबंदांना ते सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यापासून. कळलंच नाही तर त्या घरात मंगलकार्य होऊ शकतं. हे सगळं त्यांनीच तर जमुनेला शिकवलं होतं! म्हणून अनुप फाटकात उभा राहिला होता. म्हणून बरण्या रिकाम्या आल्या होत्या. आणि आपण त्या धुतलेल्या काचेत काय पाहिलं? द्वेष! सूड! हे देवा, ह्या तोंडानं आताच काय काय बोलून बसलो आपण!

सुभद्राबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. अजून त्या बाहेर होत्या. अजून कोणी काही बोललं नव्हतं. मागे फिरल्या तर संध्याकाळपर्यंत घरी पोचतील, उद्या दामिनीला हिरवी साडी नेसवतील, फुलांचे दागिने घालतील, ज्या ओटीसाठी नवस बोलल्या होत्या तिच्यात स्वतःच्या हातानं नारळ टाकतील... इतकी वर्षं त्याच एका क्षणाची वाट पाहिली होती. एक प्रश्न गिळला की तो क्षण त्यांचा होता.

त्यांनी समोर पाहिलं. प्रणाली भिंतीला टेकून उभी होती, तिच्या ओठांना कोरड पडली होती, आणि ती सुद्धा मान हलवून “जा, जा” म्हणत होती.

सुभद्राबाईंनी पिशवी खाली ठेवली. काचा चुकवत त्या उंबरा ओलांडून आत आल्या, सरळ प्रणालीपाशी गेल्या आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“पोरगा होता का पोरगी?” त्यांनी विचारलं.

“बाई!...” जमुना कळवळली. “काय केलं हो बाई तुमी हे!”

“पोरगा,” प्रणाली पुटपुटली.

झालं! लागलं सुतक!

मग सगळं उलगडत गेलं. मागल्या आठवड्यात अचानक कळा आल्या होत्या. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, पण बाळाला श्वासच पुरत नव्हता. एक रात्र जगलं. पहाटे जमुनेच्या यजमानांनी, गजेंद्रभाऊजींनी, आणि अनुपनं कपड्यात गुंडाळून नेलं. घरातल्या घरात, शेजाऱ्यांनाही कळू न देता.

“अन् मले सांगावंसं नाई वाटलं? मी का परकी?”

“मीच नाई म्हटलं, मोठ्या आई,” प्रणाली खाली चटईवर बसत म्हणाली. “दामिनीवहिनीले किती भीती वाटते ते मले ठाऊक आहे. रोज फोनवर मले विचारे, तुहं बाळ हलते का, माहं हलत नाई वाटते आज... माहं असं झालं हे कानावर गेलं असतं तं ती भीतीनंच खचली असती. अन् डोहाळजेवन मोडलं असतं ते वेगळंच. माहं तं गेलं. तिच्या ओटीत काहून टाकू माहं दुःख?”

एवढीशी पोर! जिचं दूध अजून आटलं नाही, ती दुसरीच्या पोटातल्या जिवाची चिंता वाहत होती!

“पन मले तं सांगू शकली असतीस, जमुने. मी दामिनीले कळू दिलं असतं काय?”

जमुनेनं डोळे पुसले. इतक्या दुःखातही तिच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. “बाई, राग येऊ देऊ नका. पन तुमच्या पोटात कोनती गोष्ट राह्यली आहे आजवर? माह्या लोनच्यात मीठ जास्त झालं होतं, ते सुदा रातभर राह्यलं नाई.”

सुभद्राबाईंनी मान खाली घातली. जमुना पुढे सांगू लागली.

“अन् बरण्या पाठव, पाठव म्हनून तुमीच मागं लागल्या होत्या. वाटलं, बाजारातून साखर आनून टाकावी. मग म्हटलं, साखर बाजारची, पन हात तं ह्याच घरचा! त्या लेकराच्या वाट्याले आपल्या घरचा अशुभ दाना कायले?... म्हनून धुऊन, पुसून, रिकाम्याच दिल्या. मले ठाऊक होतं तुमी शिव्या देसान. म्हटलं, देऊ दे. आपलं अन् त्यांचं मागून पाहू.”

“मारल्या असत्यास मले दोन थोबाडीत,” सुभद्राबाई म्हणाल्या, “मी दारात उभी राहून तसं बोलून राहिली होती तवा!”

“तुमाले? अन् मग राहिली असती काय मी जित्ती?”

दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडल्या. जमुना ओक्साबोक्शी रडली. पण सुभद्राबाईंना रडायला सवड नव्हती. त्यांचं मन पुढे धावत होतं. आता घरी गेलो तर काय होईल? सुतक अंगावर घेऊन सुनेला शिवायचं नाही. आणि का शिवत नाही म्हणून विचारलं तर काय सांगायचं? विपुल विचारणार, हे विचारणार, आणि दामिनी तर नुसता चेहरा पाहून ओळखणार! एकच उपाय होता. घरी जायचंच नाही. आणि न जाण्याचं कारण असं हवं, की ज्यावर सगळ्यांचा चटकन विश्वास बसेल...

तसं कारण त्यांच्याजवळ होतं. आयुष्यभर कमावलेलं होतं!

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, खाकरून घसा साफ केला आणि विपुलला फोन लावला.

“हां विपुल, ऐक. मी उद्या येत नाई.”

“येत नाही म्हणजे? आई, काहीतरीच काय!”

“जमुना माफी मागत नाई तवरक मी हलनार नाई इथून. तिच्या दारात बसून आहे मी. ओटी दामिनीची आई भरन. शेजारच्या सुंदराबाईले बोलाव मदतीले. तिकडून कोनी मले समजवाले इथं यायचं नाई, सांगून ठेवते! आला तं तोंड पाहनार नाई.”

पलीकडे कुजबुज झाली. मग फोनवर दामिनी आली. तिचा आवाज कापत होता.

“आई, मी काय चुकले? तुमच्याशिवाय माझी ओटी?... तुम्हाला भांडण माझ्या बाळापेक्षा मोठं झालं?”

सुभद्राबाईंनी डोळे गच्च मिटले. सुरी काळजात फिरली! एक शब्द, फक्त एक खरा शब्द त्या पोरीला दिला असता तर... त्यांनी तो जिभेवरून परत आत ढकलला. ज्या जिभेनं आजवर काही म्हणता काही अडवलं नव्हतं, त्या जिभेनं!

“हो!” त्या फोनात ओरडल्या. “झालं मोठं! अन् तू रडू नको सांगून ठेवते, वेळेवर जेव, हिरवी साडी नेस अन् गुमान बस पाटावर!”

फोन बंद केला, तरी तो त्या कानाशीच धरून बसल्या; शेवटी जमुनेनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

“बाई... सून जन्मभर मनात धरन तुमच्या.”

“धरू दे. तिचं बाळंतपन झालं की तूच सांगजो. अन् नाई सांगतलं तरी चालते.” त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “आता उठ, ह्या काचा भर. अन् पोरीनं सकाळपासून काय खाल्लं?”

“चहा.”

“चहा! बाळंतीन आहे ती. बाळ नसलं म्हनून काय झालं, बाळंतीन तं आहे! भाकर टाक, गरम वरन कर पातळ.”

जमुना स्वयंपाकघरात गेली. सुभद्राबाई चटईवर प्रणालीशेजारी बसल्या, तिचं डोकं ओढून मांडीवर घेतलं आणि डोक्याचं फडकं सोडून केसांतून बोटं फिरवू लागल्या. बाहेर रस्त्यावरून हातगाडी ढकलत भाजीवाला ओरडत गेला.

“कोनासारखा होता?” त्यांनी विचारलं.

प्रणाली दचकली. तिनं मान वर केली. “काय?”

“तुहा पोरगा. मी पायला नाई नं त्याले. कसा होता ते सांग.”

प्रणाली त्यांच्याकडे पाहतच राहिली. त्या रात्रीपासून घरात सगळ्यांनी तिला झोप म्हटलं होतं, विसर म्हटलं होतं, देवाची मर्जी म्हटलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं.

“कान...” तिचे ओठ हलले. “कान मोठे होते, मोठ्या आई. आमच्या बाबांसारखे. अन् केस तं इतके काळे, इतके दाट... नर्स म्हने, ह्याले तं कंगवाच लागन...”

आणि तिचा बांध फुटला. इतके दिवस छातीवर आवळून बांधलेलं सगळं एका किंकाळीसरशी बाहेर आलं. ती सुभद्राबाईंच्या कमरेला घट्ट मिठी मारून, सगळी गल्ली ऐकेल अशी, मोठमोठ्यानं रडू लागली. जमुना पिठाच्या हातांनीच धावत आली आणि तिला गप्प करायला वाकली.

सुभद्राबाईंनी तिचा हात बाजूला केला.

“राहू दे. रडू दे तिले,” त्या म्हणाल्या, आणि प्रणालीच्या पाठीवर थोपटत पुन्हा विचारलं, “हां... अन् नाक? नाक कसं होतं वं त्याचं?”